कापण्यासाठी घातलेला मनोरा

नियोजन विभागात कुठलाही प्रस्ताव तयार झाला की मोठे साहेब आधी एकच प्रश्न विचारत. जागा कुठली, खर्च किती, कुणाच्या उपयोगाचं, हे सगळं नंतर. आधी, "बकरा घातला का?"

बकरा म्हणजे कापायची बाब. नगरपालिकेची निधी समिती कधीच कुठला प्रस्ताव नाकारत नसे. नाकारणं तिला असंस्कृतपणाचं वाटे. ती प्रस्ताव 'तत्त्वतः मान्य' करी आणि मग त्यातलं काहीतरी कापी. कापलं नाही तर आपण नुसतेच चहा प्यायला आलो होतो की काय, असं सभासदांना घरी जाताना वाटायचं, आणि ते खरंच असल्यामुळे जास्त लागायचं. म्हणून शहाणे अधिकारी प्रस्तावातच एखादी फुगीर, दिखाऊ, कुणालाही नको असलेली गोष्ट घालून ठेवत. समिती ती कापे, काटकसर केल्याच्या समाधानात पाय लांब करी आणि उरलेलं मुकाट मंजूर करी. जनतेचा पैसा वाचे, जनतेचं कामही होई, आणि कुणी कुणाला फसवलं हा प्रश्न सभ्यपणे बाजूला राही.

या कामात आराखड्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं खरं आडनाव दुसरंच होतं, पण जन्मभर आराखडे काढण्यात गेल्यामुळे ते मागे पडलं होतं, आणि कुठे सही करायची वेळ आली तर त्यांना स्वतःलाच क्षणभर आठवावं लागे. शाळेच्या स्वच्छतागृहांच्या प्रस्तावात त्यांनी संगीतमंडप घातला होता. मंडप उडाला, स्वच्छतागृहं झाली. गटाराच्या प्रस्तावात संगमरवरी पुतळा घातला होता. पुतळा कुणाचा, हे मुद्दामच लिहिलं नव्हतं. सभासद त्यावर दुपारभर भांडले आणि शेवटी दमून पुतळाच कापून मोकळे झाले. गटार आजही व्यवस्थित वाहतं. त्या गटारावरून जाताना आराखडे नेहमी चाल थोडी मंद करत, जसे काही लोक आपल्या मुलाच्या शाळेवरून जाताना करतात.

तर अशा या माणसाच्या हातात सामूहिक घरांची योजना आली, आणि या वेळी गोष्ट गटाराइतकी परकी नव्हती. त्या घरांत त्यांची ताई राहायला जाणार होती.

ताई साबणाच्या जुन्या कारखान्याच्या खोल्यांत राहायची. कारखाना केव्हाच बंद पडला होता. खोल्या मात्र बंद पडायचं विसरून गेल्या होत्या. लांबच लांब रांग, पुढे ओटा, ओट्याच्या टोकाला नळ. भिंतींना अजून ओल सुटली की साबणाचा वास येई. "बाकी काही नसेल, पण आमची गरिबी स्वच्छ आहे," असं ताई म्हणायची. ती जवळच्या धुलाईगृहात इस्त्री करायची. भाऊजी गेले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. आई-वडील गेल्यावर तिने इस्त्री हातात घेतली आणि धाकट्याच्या हातात पुस्तक दिलं. दोघंही आपापल्या जागी टिकून राहिली. फरक एवढाच, की पुस्तक बसून वाचता येतं आणि इस्त्री उभ्यानं करावी लागते. ताईचे गुडघे गेले.

योजना साधी होती. खोल्यांच्या मागेच बॉयलरची मोकळी जागा पडून होती, तीही नगरपालिकेचीच. तिथे नगरपालिकेच्या निधीतून दुमजली घरं बांधायची. घरं कुणा एकाची नाहीत, राहणाऱ्यांच्या संस्थेची. विकायची नाहीत, भाडं इस्त्रीवालीला झेपेल एवढंच. अट एकच, की हा निधी फक्त धोकादायक ठरलेल्या इमारतींमधल्या लोकांसाठी होता. म्हणून आधी खोल्या धोकादायक ठरवून घेणं आलं. तेही आराखड्यांनीच करून घेतलं. नगरपालिकेचे अभियंते आले, त्यांनी भिंतीला छत्रीचं टोक लावलं, टोक आत गेलं. छत्री काढून घ्यायला जरा वेळ लागला, तेवढाच काय तो तपास.

"धोकादायक म्हणजे काय रे, धाकल्या?" दारावर चिकटवलेल्या नोटिशीकडे बघत ताई म्हणाली. "आम्ही राहतो म्हणून?"

"तसं लिहिल्याशिवाय निधी मिळत नाही, ताई."

"आणि लिहिल्यावर?"

"लिहिल्यावर खोल्या खाली कराव्या लागतात. वर्षअखेरीपर्यंत. पण तोवर मागे नवी घरं उभी राहतील."

"आणि नाही राहिली तर?"

"ताई, माझा एकही प्रस्ताव आजवर पडलेला नाही."

हे खरं होतं. ताईने मान डोलावली. मग म्हणाली, "मला तळमजला दे बाबा. बाकी काही मागत नाही. आणि दाराला उंबरा नको. उंबऱ्यावर पाय उचलायचा म्हणजे मला आदल्या दिवशीपासून तयारी करावी लागते."

"आणि रंग?"

"रंगसुद्धा विचारतोयस?" ताई हसली. "निळा दे मग. दार निळं."

शेजारच्या खोलीतली इस्त्रीवाली, जिला सगळे लंबू म्हणत कारण ती जेमतेम ताईच्या खांद्याला लागायची, दारातून डोकावली. "साहेब, आमच्याही दाराचं बघा. आम्हाला कुठलाही चालेल. दार असलं म्हणजे झालं."

आता एवढ्या मोठ्या योजनेला बकराही तसाच तगडा लागणार. आराखड्यांनी बरेच दिवस विचार केला. कारंजं घालावं तर समितीतल्या एकाचा भाचा कारंजीच बसवायचा, म्हणजे ते कापलं जाण्याची खात्री नाही. वाचनालय घातलं तर कापतील हे नक्की, पण ते कापलेलं आपल्यालाच बघवणार नाही. शेवटी त्यांना घड्याळाचा मनोरा सुचला. प्रत्येकाच्या खिशात फोन असताना मनोऱ्यावरचं घड्याळ कुणाला हवंय? घरांच्या चौकाच्या मधोमध उंच मनोरा, चारही बाजूंना घड्याळं, वर तांब्याचा घुमट, आत घंटा, भोवती सज्जा. बघताक्षणीच कात्री शिवशिवावी असा.

समर्थनाची टिप्पणी लिहायला बसल्यावर तर त्यांना रंग चढला. 'मनोरा हा वस्तीचा आत्मा ठरेल', 'श्रमिकांच्या जीवनास कालभान लाभेल', 'घंटानाद हा समतेचा स्वर आहे, तो सर्वांस सारखाच ऐकू येतो'. प्रत्येक वाक्यागणिक ते एकटेच खुदखुदत होते. विनोदाचा एक धोका असतो. तो न हसता लिहिला की लोकांना खरा वाटतो. पण हे त्या क्षणी सुचत नाही.

पुठ्ठ्याची प्रतिकृती त्यांनी घरी, जेवणाच्या टेबलावरच केली. घर तिसऱ्या मजल्यावर, जागा बेताची, आणि लिफ्टची जागा जिन्याच्या पोकळीत गेली तीस वर्षं राखीव. सगळं टेबल घरांनी व्यापलं.

"जेवायचं कुठं?" बायकोने विचारलं.

"थोडे दिवस. ताईच्या घरासाठी आहे."

"ताईंचं घर केव्हाच झालं तुमचं. मी बघतेय ना, आठवडाभर त्या मनोऱ्यालाच रंग लावताय. सज्ज्याला जाळी कापलीत ती बघा. आपल्या गॅलरीचे गज गंजलेत, त्यांच्याकडे बघायला वेळ नाही."

"मनोरा कापायचाच आहे, गं."

"कापायच्या वस्तूला कुणी एवढं नटवत नाही," बायको म्हणाली आणि ताट मांडीवर घेऊन बसली.

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. पण जन्मभर स्वच्छतागृहं आणि गटारं काढलेल्या माणसाला एकदा तरी घुमट काढायला मिळाला होता. तेवढ्यापुरता तो कापला जाणार आहे हे ते विसरत.

रविवारी ते ताईकडे गेले, तेव्हा तिला सगळं समजावून सांगितलं. बकरा म्हणजे काय, समिती कशी कापते, सगळं. ताईने लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे खोटं घालायचं, म्हणजे ते खऱ्याला हात लावत नाहीत."

"अगदी तसंच."

"आणि त्यांना खोटंच आवडलं तर?"

आराखडे मनापासून हसले. ताई उठली, फळीवरच्या डब्यातून भाऊजींचं मनगटी घड्याळ काढलं. पट्टा केव्हाच गळून पडला होता, पण किल्ली दिली की चालायचं. "हे बसव तुझ्या मनोऱ्यात. तेवढंच बघायला बरं वाटेल. मी रोज किल्ली देते याला. कुणासाठी देते कुणास ठाऊक."

"असू दे ताई, कशाला..."

"कापला की परत आण. हरवू नकोस."

घड्याळ मनोऱ्यात चपखल बसलं. मुद्दाम माप घेतलं असतं तरी असं बसलं नसतं.

निधी समितीच्या दालनात लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली जुन्या समित्यांचे फोटो. भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं. ते आराखडे नोकरीला लागले तेव्हापासून बंद होतं, आणि त्याच्या दुरुस्तीची बाब दर वर्षी काटकसरीत जात असे. अध्यक्ष मालवाहतुकीच्या धंद्यातले. त्यांचे ट्रक कधी वेळेवर पोचत नसत आणि ते स्वतःही कधी वेळेवर येत नसत. त्यामुळे वक्तशीरपणावर त्यांचा फार जीव. आल्याआल्या त्यांनी उशिरा आलेल्या शिपायाला झापलं, मग प्रतिकृतीभोवती एक फेरी मारली. घरांपाशी ते थांबले नाहीत. मनोऱ्यापाशी थांबले. वाकले. आणखी वाकले.

दालनात शांतता झाली, आणि त्या शांततेत टिकटिक ऐकू आली.

"अरे!" अध्यक्ष म्हणाले. "हे चालतंय!"

सगळ्यांनी आपापले फोन काढून बघितले. वेळ बरोबर होती. पेट्रोलपंपवाले सभासद खुर्चीतून उठून आले, पाठोपाठ वकीलबाई आल्या. थोडा वेळ नगरपालिकेचे निधी ठरवणारे सगळे लोक पुठ्ठ्याच्या एका मनोऱ्याभोवती कान लावून उभे होते.

"या इमारतीत बरोबर वेळ दाखवणारी ही एवढीच वस्तू आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज जरा जड झाला होता.

मोठे साहेब आराखड्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी आराखड्यांकडे बघितलं. आराखड्यांनी टेबलाच्या काचेखालच्या फोटोंकडे बघितलं.

"पण साहेब, निधी सगळ्याला पुरायचा नाही," पेट्रोलपंपवाले म्हणाले. "काहीतरी कापावं लागेल."

आराखड्यांचा जीव भांड्यात पडला. आलं, एकदाचं आलं.

"कापू की," अध्यक्ष म्हणाले. "घरं दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

"अहो, पण योजना घरांची आहे," वकीलबाई म्हणाल्या. त्या नेहमी बरोबर बोलत आणि एकदाच बोलत. त्यामुळे त्यांचा कुणाला त्रास नव्हता.

"घरं काय बाई, कुठंही असतात. लोक राहतातच कुठे ना कुठे. पण हे बघा, इथं काय लिहिलंय..." अध्यक्षांनी टिप्पणी हातात घेतली आणि मोठ्याने वाचली. "'घंटानाद हा समतेचा स्वर आहे, तो सर्वांस सारखाच ऐकू येतो.' वा! हे कुणी लिहिलंय?"

"मी," आराखडे म्हणाले.

"आपल्या खात्यात असं लिहिणारा माणूस आहे आणि मला माहीतच नाही!" अध्यक्षांनी टिप्पणी खाली ठेवली. "मग आता तुम्हीच सांगा, आराखडे. तुम्ही जाणकार. मनोरा आवश्यक आहे की नाही?"

पंखा फिरत होता. आराखड्यांना एवढंच म्हणायचं होतं, की नाही, आवश्यक नाही, घरं आवश्यक आहेत, खोल्या वर्षअखेरीला खाली होणार आहेत. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की आवश्यक नव्हता तर घातला कशाला? आणि त्याचं खरं उत्तर दिलं असतं, तर त्या उत्तराच्या मागून संगीतमंडप आला असता, पुतळा आला असता, आजवरचे सगळे बकरे एका रांगेत बें बें करत दालनात शिरले असते. मोठ्या साहेबांची पेन्शन तोंडावर आली होती. ते आराखड्यांकडे बघत नव्हते. ते इतक्या जोराने बघत नव्हते, की आराखड्यांना ते स्पष्ट जाणवत होतं. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या तळाशी आणखी एक क्षुल्लक, लाजिरवाणी गोष्ट होती. घुमटाला कुणीतरी वा म्हटलं होतं.

"आवश्यक आहे," आराखडे म्हणाले. "पण..."

"झालं तर मग!" अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. चहा आला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, की संबंधित अधिकाऱ्यांनी मनोऱ्याच्या आवश्यकतेस दुजोरा दिला. 'पण' लिहायची पद्धत नव्हती.

बाहेर व्हरांड्यात मोठे साहेब म्हणाले, "बकरा इतका गुबगुबीत करायचा नसतो हो."

"साहेब, आपण त्यांना सांगू या. आत्ता जाऊन सांगू या."

"काय सांगणार? इतकी वर्षं आम्ही तुम्हाला बनवत होतो, आज चुकून तुम्ही बनला नाहीत?" मोठे साहेब रुमालाने मान पुसत राहिले. "दुसरा टप्पा म्हणालेत ना. नाही कुठं म्हणालेत? या समितीने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही."

धुलाईगृहात वाफ इतकी, की आत शिरणाऱ्या माणसाचा चष्मा आधी आंधळा होतो आणि मग माणूस. आराखड्यांनी चष्मा पुसला. ताई चादरीवर इस्त्री फिरवत होती, पलीकडच्या टेबलावर लंबू उशांचे अभ्रे घड्या करत होती. ताईने वर बघितलं आणि तिला समजलं. चेहरा लपवता यावा एवढं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारी तीच होती.

त्यांनी सगळं सांगितलं. ताईची इस्त्री थांबली नाही. चादर संपली, तिने दुसरी घेतली.

"मग घड्याळ?" तिने विचारलं.

"ते... प्रतिकृती अध्यक्षांच्या केबिनमध्ये ठेवलीय. काचेच्या पेटीत. कुलूप आहे."

"म्हणजे घड्याळाला घर मिळालं."

लंबू मोठ्याने हसली आणि मग हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना. "साहेब, म्हणजे आम्ही सामान बांधायचं, की बांधलेलं सोडायचं?"

आराखड्यांच्या आधी ताईच म्हणाली, "बांध."

तिने चादर उलटून घेतली.

"तू बोललास का तिथं?" ताईने विचारलं.

"बोललो. 'पण' म्हणालो."

"पुढं?"

"पुढं त्यांनी ऐकून घेतलं नाही."

"ऐकलं नाही ते त्यांचं. पुढं तू म्हणालास का काही?"

आराखडे चादरीच्या काठाकडे बघत राहिले. काठ सरळ होता. ताईच्या हातून वाकडा काठ कधी गेला नव्हता.

वर्षअखेरीला खोल्या खाली झाल्या. आदेश नियोजन विभागाचाच होता, मसुदा आराखड्यांचाच होता, आणि भाषा नेहमीप्रमाणे सुबक होती. लोक कुठे ना कुठे गेले. अध्यक्ष म्हणाले होते तेच झालं. कुणी गावाबाहेर, कुणी नातेवाइकांच्या दारात. लंबू जावयाच्या दुकानामागे राहायला गेली, पोत्यांच्या थप्पीला तिनं भिंत मानलं. ताई एका मैत्रिणीकडे तात्पुरती म्हणून राहिली आणि तात्पुरतेपणा दोघींनाही जाचायला लागला.

मनोरा मात्र भराभर वर चढला. नगरपालिकेचं एखादं काम वेळेआधी होण्याची ही पहिलीच वेळ, आणि तेही घड्याळाचं, म्हणून अध्यक्षांनी भाषणात त्याचा दोनदा उल्लेख केला. अर्थात समितीची सवय सुटली नव्हती. शेवटच्या बैठकीत काहीतरी कापायला हवं म्हणून त्यांनी चारातलं एक घड्याळ कापलं. खोल्यांच्या बाजूचं. तिकडे आता कुणी राहत नव्हतं, तेव्हा वेळ दाखवायची कुणाला?

आराखड्यांनी त्यातूनही एक गोष्ट साधली होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी राखणदाराची खोली घुसवली. या वेळी नटवली नाही, समर्थन लिहिलं नाही, नकाशात तिला पायरीएवढी बारीक ठेवली, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत आली नाही. खोली तळमजल्याला, एक खिडकी, एक नळ, दाराला उंबरा नाही. मग अध्यक्षांची मर्जी बघून त्यांनी राखणदाराच्या जागेसाठी ताईचं नाव घातलं. किल्ली द्यायची, झाडायचं, बस. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. प्रतिकृतीतलं घड्याळ तिच्याच घरचं, हे ऐकून तर त्यांचे डोळे पाणावले. घड्याळ परत द्यायचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

आराखडे ताईला गाडीने घेऊन आले. दार निळं रंगवून घेतलं होतं. ताई दारात थांबली, पाय उचलायच्या बेताने तिने भिंत धरली, आणि उचलायला काही नाही हे तिच्या लक्षात आलं.

"उंबरा नाही," ती म्हणाली. "आठवण ठेवलीस."

ती आत गेली. खिडकी उघडून बघितली. नळ सोडून बघितला, बंद केला. वर घंटा वाजली. भिंती हलल्यासारख्या वाटल्या. घंटा थांबेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

"बरी आहे," ताई म्हणाली. "पण नको."

"ताई, अगं का?"

"मी इथं आत बसणार, आणि लंबू कधी घड्याळ बघायला आली तर दार कसं उघडू? काय सांगू तिला? सगळ्यांची घरं गेली आणि माझं झालं, कारण माझा भाऊ होता?"

"मग तसंच आहे ना, ताई!"

"तसंच आहे म्हणून नको."

आराखड्यांना राग आला. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच कुणाचा तरी सरळ राग आला, आणि तो आलाही कुणाचा. "मग जाणार कुठं? त्या मैत्रिणीकडे किती दिवस काढणार? दुसऱ्या टप्प्याची वाट बघत?"

"तुझ्याकडे येते," ताई म्हणाली. "आहे का जागा?"

तिसरा मजला. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं, तर ती ऐकेना. पायरीवर बसायची, हातांनी रेटून वरच्या पायरीवर जायची, पुन्हा बसायची. प्रत्येक मजल्यावरच्या माणसांशी तिची नीट ओळख झाली, कारण तिला तिथे तेवढा वेळ लागला. बायको खाली जाऊन पाण्याची बाटली घेऊन तिच्या बरोबरीने एकेक पायरी चढत आली, आणि त्या सबंध चढणीत नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही. ताई वर आली ती आलीच. पुन्हा खाली उतरण्याचं कुणी बोललं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोरा दिसे. त्यांच्याकडे नेमकी ती घड्याळ नसलेली बाजू होती. गोल भोक, त्यावर पत्रा. ताई खिडकीशी बसून शेजाऱ्यांचे इस्त्रीचे कपडे करायची, आता बसून. घंटा मात्र सारखीच ऐकू यायची. टिप्पणीतलं तेवढं वाक्य खरं निघालं.

राखणदाराच्या खोलीत पुढे झाडू आणि रंगाचे डबे ठेवले गेले. नगरपालिकेच्या वार्षिक अहवालात मात्र ती 'सामूहिक घरे' या शीर्षकाखाली गेली. काम प्रगतिपथावर, एक घर पूर्ण.

नव्या वर्षात नगरपालिकेच्या गाड्या लावायच्या तळाचा प्रस्ताव आला. मोठे साहेब निवृत्त होऊन गेले होते, पण त्यांच्या खुर्चीवर आलेल्या नव्या साहेबांना प्रश्न तोच येत होता. खुर्चीबरोबरच मिळाला असावा.

"बकरा घातला का, आराखडे?"

"नाही अजून."

"अहो, तयार आहे की आपल्याकडे. ती घरं घाला ना. दुसरा टप्पा. समिती नक्की कापेल."

आराखड्यांनी टेबलावरची फाइल उचलली. मग म्हणाले, "घालतो."

घरं कापली गेली. पुढे बागेच्या कुंपणाच्या प्रस्तावात घातली, तिथेही कापली गेली. सभासदांना आता ती ओळखीची झाली होती. विषयपत्रिकेत घरं दिसली की ते निर्धास्त होत. पेट्रोलपंपवाले तर चहा यायच्या आधीच म्हणत, "घरं पुढच्या टप्प्यात." नियोजन विभागाला इतका भरवशाचा बकरा कधी मिळाला नव्हता.

प्रत्येक वेळी आराखडे नवी प्रतिकृती करत. जुनी चालली असती, नवे साहेब तसं म्हणालेही. पण ते संध्याकाळी टेबलावर पुठ्ठा पसरत आणि पहिल्यापासून घरं कापायला बसत. खिडक्यांना जाळी, जिन्याला कठडा, ओट्यावर नळ, नळाखाली पुठ्ठ्याची इवलीशी बादली. ताई खुर्ची ओढून समोर बसे आणि दारं रंगवी. बायको ताटं ओट्यावर मांडी.

"एवढं सुंदर कशाला करतोस रे?" एकदा ताईने विचारलं. "कापायचंच आहे ना?"

"म्हणूनच," आराखडे म्हणाले. त्यांनी एका खिडकीला जाळी चिकटवली. "त्यांना आवडलं तर. चुकून."

ताईने ब्रश बाटलीच्या कडेला टेकवला. "चुकतात का ती माणसं?"

"एकदा चुकलीत."

खिडकीबाहेर घंटा वाजायला लागली. ती थांबेपर्यंत ताईने कोपऱ्यातल्या तळमजल्याच्या घराचं दार पुरं केलं, प्रकाशात धरून बघितलं आणि वाळायला ठेवलं.

"निळा संपत आलाय," ती म्हणाली. "उद्या येताना आण."